रेट्रो फॉन्ट, खडकीतलं शटर आणि माझा फसलेला प्रोग्राम

सिनॉप्सिस कसा लिहावा यावरची मागची पोस्ट वाचून काहींनी विचारलं, "ताई, तुमचं स्वतःचं काही चुकलं नव्हतं का?" चुकलं होतं. मागच्या वेळी सांगायची टाळली ती गोष्ट आज सांगते. ती एका फॉन्टभोवती फिरते. दोष फॉन्टचा नव्हता, मीच त्याच्यावर भलतं ओझं टाकलं होतं. त्यामुळे आजची पोस्ट म्हणजे अर्धं त्या फॉन्टचं परीक्षण आणि अर्धं माझं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी एम.एस्सी. केलं फिजिक्समध्ये, पीएच.डी. चालू आहे प्रतिमा-विश्लेषणात. रस्त्यावरच्या हाताने रंगवलेल्या देवनागरी पाट्या कॉम्प्युटरला वाचता याव्यात, एवढंच माझं काम. छापील मजकूर वाचणं कॉम्प्युटरला आता बऱ्यापैकी जमतं, पण ब्रशने काढलेली पाटी समोर आली की गाडी अडते. प्रोग्रामला शिकवायला पाट्यांचे हजारो फोटो लागतात, आणि प्रत्येक फोटोत काय लिहिलंय ते माणसाने बसून टाइप करावं लागतं. ज्यांनी हे काम एक दिवस जरी केलंय त्यांना माझं दुःख कळेल. यावर रूढ उपाय असा की फॉन्ट घ्यायचा, शब्द टाइप करायचे, मागे पत्र्याचा नाहीतर भिंतीचा फोटो लावायचा, अक्षरं थोडी वाकवायची, थोडी धूसर करायची. झाल्या खोट्या पाट्या तयार. याला सिंथेटिक डेटा म्हणतात. पद्धत वाईट नाही, जगभर वापरतात. फक्त तिच्यात एक गृहीतक गुपचूप बसलेलं असतं: खोटी पाटी खऱ्या पाटीची जागा घेऊ शकते.

मी फॉन्ट निवडला 'यात्रा वन'. गूगल फॉन्ट्सवर आहे, ओपन फॉन्ट लायसन्सखाली फुकट मिळतो, तुम्हीही लग्नपत्रिकांपासून मिसळच्या मेनूकार्डापर्यंत कुठे ना कुठे पाहिला असेल. कॅथरीन ली श्मिट यांनी तो केला, आणि त्याच्या परिचयातच सांगितलंय की मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवर तो आधारलेला आहे. मला आणखी काय हवं होतं? रंगवलेली अक्षरं, तीही टाइप करता येणारी! प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मी स्लाइडवर ठोकून दिलं: 'पन्नास-साठच्या दशकातील रंगवलेल्या अक्षरशैलीवर प्रशिक्षण'.

समितीतल्या एका बाहेरच्या सरांनी शांतपणे विचारलं, "ही अक्षरं कुठल्या सालची?"

"पन्नास-साठच्या दशकातली, सर."

"आणि फॉन्ट कुठल्या सालचा?"

फॉन्ट २०१० नंतरचा. मी गप्प. पुढचा प्रश्न आणखी साधा होता: "मधल्या पन्नास वर्षांत काय झालं, ते बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. म्हणून एका दुपारी खडकीला गेले.

खडकीच का? एक तर लोकलने जाता येतं. दुसरं म्हणजे पुण्याच्या पेठांमध्ये फ्लेक्स आणि एलईडीने जुन्या पाट्या जवळपास गिळून टाकल्या आहेत. खडकी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांमध्ये रंगवलेली शटरं अजून टिकून आहेत. कॅन्टोन्मेंटचा भाग, १८६९ पासूनची ॲम्युनिशन फॅक्टरी, बीईजी आणि त्यांच्या आधाराने वाढलेला बाजार, त्यामुळे इथे एकाच रस्त्यावर सरकारी शिस्तीची अक्षरं आणि दुकानदारी अक्षरं शेजारी-शेजारी दिसतात. (फील्डवर्कला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: लष्करी हद्दीच्या भिंतींचे आणि गेटचे फोटो काढायचे नाहीत. मनाईची पाटी कितीही सुंदर अक्षरात असली तरी.)

एका गल्लीत सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर खाली होतं. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, लाल सावली: 'येथें सायकलचे पंक्चर काढून मिळेल'. खाली दुसऱ्याच हाताने, घाईत, मोबाइल नंबर.

हे वाक्य नीट बघा, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यातूनच निघतं.

यात 'क' तीनदा येतो. 'सायकल'मध्ये पूर्ण, 'काढून'मध्ये काना घेऊन, 'पंक्चर'मध्ये अर्धा. 'ल' दोनदा येतो. पेंटरने खडू लावलेली दोरी ताणून रेघ उठवली असणार, कारण शिरोरेषा अगदी सरळ होती. पण रुंदीचा हिशेब शेवटी चुकला. 'येथें सायकलचे' ऐसपैस बसलंय, आणि 'मिळेल'पर्यंत येता-येता शटर संपत आलंय. मग त्याने काय केलं? अक्षरांची उंची तीच ठेवली आणि रुंदी आवळली. 'सायकल'मधल्या 'ल'च्या दोन पाकळ्या छान फुललेल्या, 'मिळेल'मधल्या 'ल'च्या एकमेकींना टेकलेल्या. 'ळ' तर जवळजवळ उभा आठचा आकडा झालाय. तरीही शब्द वाचायला एक क्षणही लागत नाही.

घरी येऊन हेच वाक्य 'यात्रा वन'मध्ये टाइप केलं. दोन्ही 'ल' तंतोतंत सारखे. असणारच! फॉन्टमध्ये एक आकार एकदा काढला की तोच पुन्हा पुन्हा उमटतो. पर्यायी आकार मुद्दाम भरून ठेवले आणि ते कधी वापरायचे याचे नियम लिहिले तरच वेगळं काही दिसतं. रोमन लिपीत हे करून दाखवलेले फॉन्ट आहेत. डच 'अंडरवेअर' मंडळींचा २००९ चा 'लिझा' हे गाजलेलं उदाहरण, शेजारी कोण आहे ते पाहून त्यातली अक्षरं आकार बदलतात. रोमनमध्ये सव्वीस लहान, सव्वीस मोठी. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या, रफार धरले तर आकडा आधीच काहीशेवर जातो. त्या प्रत्येकाची तीन-तीन रूपं काढा म्हणणं सोपं आहे, ते काढणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. त्यामुळे अक्षरं एकसारखी येतात म्हणून मी या फॉन्टचे मार्क कापणार नाही. माझे मात्र कापायला हवेत, कारण माझ्या हजारो खोट्या पाट्यांमध्ये एकही 'ल' आवळलेला नव्हता. प्रोग्रामला खडकीचं शटर दाखवलं तेव्हा त्याने 'पंक्चर'चं 'पंवचर' केलं. अर्ध्या 'क'ची आकडी पेंटरने इतकी आखडली होती की जे उरलं ते 'व'सारखं दिसत होतं. माणूस 'सायकल' वाचून आलेला असतो, त्यामुळे तो फसत नाही.

आता सालाचा प्रश्न. 'येथें' वरचा अनुस्वार दिसला का? मी तर आनंदाने उडीच मारली. हे अनुच्चारित अनुस्वार आपण आता देत नाही. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले आणि 'येथें', 'केलें', 'घरें' वरचे ते टिंब अधिकृतपणे गेले. म्हणजे पाटी १९६२ च्या आधीची? क्षणभर वाटलं, सरांना उत्तर मिळालं!

तेवढ्यात शेजारच्या दुकानातले काका बाहेर आले. फोटो कशाला म्हणून चौकशी झाली, मी सांगितलं, मग विचारलं, "काका, ही अक्षरं किती जुनी असतील?"

"अक्षरं होय? मागच्या नाही, त्याच्या मागच्या दिवाळीची."

"पण हे टिंब तर..."

"ते पहिल्यापासून आहे. याच्या वडिलांच्या वेळची पाटी लाकडाची होती. शटर बसवलं तेव्हा पेंटरने ती बघून काढली. आता रंग उडाला की नवा पेंटर जुन्यावरनंच ओढतो. टिंब काय, तो थोडंच पुसणार?"

या दोन वाक्यांत माझी स्लाइड कोसळली. शुद्धलेखन जुनं, रंग दीड-दोन वर्षांचा, मोबाइल नंबर त्याच्याही नंतरचा, आणि अक्षराचा आकार? तो प्रतीची प्रत. लाकडावरून पत्र्यावर येताना एकदा बदलला, दर वेळी वरून ओढताना थोडा-थोडा सरकला. पुण्यात राहून हे मला आधी सुचायला हवं होतं. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये संपलं. हस्तलिखितं एकमेकांवरून उतरवलेली असतात आणि प्रत्येक लेखनिक काहीतरी ठेवतो, काहीतरी बदलतो, या एका गोष्टीचा हिशेब ठेवायला तिथे इतकी वर्षं लागली. रंगवलेलं शटरही तसंच उतरत आलेलं असतं. फरक इतकाच की इथे नवी प्रत जुनीच्या अंगावरच चढते आणि जुनी कायमची झाकते.

मग पाटीचं वय ठरवायचं कसं? पुरावे मिळतात, पण बहुतेक एकाच दिशेला बोलतात. पाटीवर '४११००३' असं लिहिलेलं असेल तर तो रंग १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड तेव्हा आला. उलट नुसतं 'पुणे ३' असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, लोक सवयीने आजही तसं लिहितात. जीएसटी नंबर असेल तर २०१७ नंतरची. फोन नंबर आठपेक्षा कमी आकड्यांचा असेल तर बरीच जुनी, किंवा नंबर बंद पडूनही कुणी पुसला नाही म्हणून राहिलेली. आणि 'स्थापना १९५२' हे दुकानाचं वय, पाटीचं नव्हे. हे वाचताना सोपं वाटतं. पण इंटरनेटवर 'पन्नासच्या दशकातली मराठी अक्षरं' म्हणून फिरणारे किती फोटो नेमके 'स्थापना' बघून तसे ठरवले गेलेत, ते एकदा तपासून पाहा.

फॉन्टकडे परत येते. 'यात्रा वन'ची एक गोष्ट मला मनापासून आवडते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. द्वैभाषिक फॉन्टमध्ये एरवी काय होतं? रोमन अक्षरं आधी ठरतात आणि देवनागरीला त्यांच्या मापात बसवतात. मग 'क' इंग्रजी कोट घातल्यासारखा दिसतो. इथे उलटं आहे. देवनागरी ब्रशची तिरकी कापलेली टोकं रोमन अक्षरांना दिली आहेत. हे नुसतं गंमत म्हणून केलेलं नाही. बोरूने लिहिताना देवनागरीचा जाड-बारीकपणा रोमनच्या उलट्या बाजूला कलतो, कारण बोरूचा काप उलट्या दिशेचा असतो. पेंटरच्या चपट्या ब्रशनेही ती सवय बरीचशी सांभाळली. तिरक्या टोकांमध्ये तिची आठवण राहते. रोमन लिपीला आपल्या चालीने चालायला लावणारे फॉन्ट मोजकेच आहेत, आणि हा फुकट मिळणारा फॉन्ट त्यातला एक आहे, हे नोंदवलंच पाहिजे.

तक्रार वेगळी आहे. ती फॉन्टपेक्षा 'रेट्रो' या लेबलाबद्दल आहे. रेल्वेची पाटी ही शिस्तीतली पाटी. धावत्या गाडीतून, गर्दीत, पावसात नाव वाचता यावं म्हणून तिची अक्षरं मोकळी आणि संयमी असतात. खडकीतलं शटर म्हणजे बाजारातली पाटी. ती आरडाओरडा करते, सावल्या टाकते, जागा संपली की अंग चोरते. दोन्ही हातानेच रंगवलेल्या, पण घराणी वेगळी. 'रेट्रो' म्हटलं की दोन्ही एका पिशवीत पडतात, वर नाटकाच्या जाहिराती आणि सिनेमाची पोस्टरंही त्यातच. मी स्टेशनाच्या अक्षरांवर प्रोग्रामला शिकवलं आणि परीक्षा बाजारात घेतली. 'यात्रा वन'ने स्वतःचा स्रोत स्पष्ट सांगितला होता. 'मुंबई लोकल' हे शब्द मी वाचले आणि त्यांचा अर्थ 'जुन्या सगळ्या पाट्या' असा लावला.

स्रोत सांगण्याच्या बाबतीत आणखी एक प्रयत्न माहीत असू द्या. दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनी 'हँडपेंटेड टाइप' नावाच्या प्रकल्पात पाट्या रंगवणाऱ्यांची अक्षरं डिजिटल केली आणि फॉन्टला त्या पेंटरचंच नाव दिलं, उदाहरणार्थ 'पेंटर कफील'. कुरेशी २०२४ मध्ये गेले. संशोधक म्हणून मला त्या नावाचा उपयोग होतो, कारण एक हात, एक शहर एवढं तरी निश्चित होतं. रेल्वेच्या पाट्या रंगवणाऱ्यांची नावं कुठल्या फॉन्टवर येणार? ते खात्याचे लोक.

आणि 'मोदक'? एक टाइपच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा हा गुबगुबीत फॉन्टही पुष्कळ जण 'जुन्या पाट्यांसारखा' म्हणून वापरतात. त्याने तसा दावा केलेलाच नाही. देवनागरी अक्षर किती फुगवता येतं आणि तरी वाचता येतं, हा त्याचा प्रश्न, आणि मोठ्या आकारात तो त्याचं झकास उत्तर देतो. लहान आकारात वापरलात तर डाग दिसतील, ते तुमचं पाप.

मग पन्नास-साठच्या दशकातली मराठी अक्षरं खात्रीने मिळतात कुठे? शटरवर मिळणं अवघड. छापील कागदावर मिळतात, कारण कागदावर तारीख असते. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती, दिवाळी अंक, पुस्तकांची मुखपृष्ठं. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या काळातले अंक जुन्या ग्रंथालयांत अजून बघायला मिळतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची शीर्षकं अशी घडवली की त्या नाटकाचं नाव दुसऱ्या कुठल्या अक्षरात कल्पनेतही येत नाही. अमेरिकेत 'ब्रश स्क्रिप्ट' १९४२ मध्ये आणि फ्रान्समध्ये रॉजर एक्स्कोफॉन यांचा 'मिस्ट्राल' १९५३ मध्ये टाइप म्हणूनच बाजारात आला, म्हणजे तिथल्या रेट्रो फॉन्टवाल्यांना त्या काळातलंच ब्रशच्या वळणाचं पूर्ण वर्णमालेचं टाइप हाताशी आहे. आपल्याकडे त्या काळातलं उत्तम डिस्प्ले काम बव्हंशी हाताने रेखाटून ब्लॉक करून छापलं गेलं. शीर्षकात सहा-सात अक्षरं असतात. त्यावरून फॉन्ट करायचा तर उरलेली काहीशे अक्षरं आजच्या माणसाला कल्पनेने काढावी लागतात.

'प्रेरित' या शब्दाची खरी अडचण मला इथे दिसते. किती अक्षरं प्रत्यक्ष पाहिली आणि किती त्या चालीवर रचली, हे कुणी सांगत नाही. कलाकृतीला त्याची गरजही नसेल. शेडगे यांचं शीर्षक तर शब्दाच्या अर्थातून उगवलेलं असतं, त्यातला 'र' उचलून दुसऱ्या शब्दात ठेवला की तो पोरका दिसतो. पण फॉन्ट जेव्हा कुणाच्या तरी थिसिसमध्ये पुरावा म्हणून येतो, तेव्हा पाहिलेली आणि रचलेली अक्षरं वेगळी करावीच लागतात. मी आता तसा तक्ता करते आहे. एका रकान्यात अक्षर, दुसऱ्यात ते कुठल्या छापील अंकात किंवा पाटीवर पाहिलं, तिसऱ्यात तारखेचा पुरावा कुठल्या दिशेचा. बरेच रकाने रिकामे आहेत. मार्गदर्शक म्हणाल्या, रिकामेच छाप.

जाता-जाता 'ल'बद्दल, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. शटरवरचा 'ल' पाकळीचा होता, म्हणजे मराठी वळणाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हाच पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' मराठीसाठी सांगितले आहेत. अनेक फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रामला सांगितलं तरच मराठी उमटतं. माझ्या पहिल्या डेटात भाषेची खूण लावायची राहिली होती. म्हणजे मराठी पाट्या वाचायला निघालेला माझा प्रोग्राम 'ल' मात्र हिंदी शिकून बसला असण्याची शक्यता आहे. ते तपासणं या आठवड्याचं काम.

स्लाइडवरचं वाक्य बदललं. आता तिथे आहे: 'मुंबई लोकलच्या पाट्यांवर आधारलेल्या २०१० नंतरच्या एका फॉन्टवर प्रशिक्षण, खडकी बाजारातील शटरांवर चाचणी, अपयशाची कारणे पुढे'. दिसायला आधीच्यापेक्षा कितीतरी फिकं.

खडकीला पुन्हा जायचंय. कुणाला बरोबर यायचं असेल तर एक सूचना: शटरवरची अक्षरं दुकान बंद असलं तरच दिसतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारची वेळ होती, बाजार उघडा होता, आणि बहुतेक पाट्या दुकानाच्या कपाळावर गुंडाळून बसल्या होत्या. सायकलवाला त्या दिवशी कुठे लग्नाला गेला होता म्हणून तेवढं एक वाक्य सापडलं. या वेळी पहाटेची लोकल.